धाकटीला आधी वाढ

भोंगाताई हे नाव काही तिच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. लग्न झाल्यापासून ती बस-स्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून भोंग्यावर गाड्या पुकारत आली, तेव्हा लोकांनीच तिचं बारसं करून टाकलं. पुकारायची चार भाषांत, आणि त्यातही तिची रीत ठरलेली: सगळ्यांत कमी लोक जी बोलतात, तिचा नंबर पहिला. ती भाषा डोंगरातल्या चार-दोन वाड्यांची, सासूबाईंच्या माहेरची. भाजी निवडता निवडता त्यांनीच सुनेला ती शिकवली होती. "बाकीच्यांना कुठेही पान मिळतं," त्या म्हणायच्या, "धाकटीला आधी वाढ."

मग आले नवे आगारप्रमुख.

"ताई, काही देशांत सगळा कारभार एका भाषेत उरकतो. आपल्याकडे भाषा मोजायला बसलं तर हातापायांची बोटं पुरत नाहीत. मी कुणाकुणाचे लाड करू? ती पहिली बंद."

"वरून येणाऱ्या म्हाताऱ्यांना दुसरी कळत नाही, साहेब."

"त्यांना शिपाई हाताला धरून बसवेल. एक दिवस बंद ठेवून बघू. कुणाचं अडलं तर मी शब्द मागे घेईन. नाही अडलं, तर कायमची बंद. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली.

स्थानकासमोरच्याच घरी सासूबाई कडाडल्या. "कबूल कशाला झालीस? घरात ती बोलायला तू आणि मी. बाहेर फक्त तुझा भोंगा बोलतो!"

"आई, शब्द दिलाय."

"मग बस मूग गिळून!"

दुसऱ्या दिवशी डोंगरातले म्हातारे शिपायाबरोबर बिनबोभाट गाडीत चढले. भोंगाताईचा चेहरा पडला. संपलं सगळं.

संध्याकाळी शहराची गाडी लागली. तिने खणखणीत आवाजात तीन भाषांत पुकारली. बाकांवर एकही माणूस हलला नाही. कुणी शेंगा सोलतंय, कुणी पेंगतंय. चालकाने हॉर्न वाजवला, वाट पाहिली आणि जवळजवळ रिकामी गाडी घेऊन तो निघून गेला.

थोड्या वेळाने काचेवर थापा पडू लागल्या.

"भोंगाताई, आमची गाडी?"

"गेली की! तीन भाषांत पुकारली!"

"अहो, पण ते आधीचं कुठे पुकारलंत? ते गाण्यासारखं?"

"ते तुम्हाला कळतं?"

"एक अक्षर नाही. पण ते ऐकलं की आम्ही पिशव्या उचलतो, पोरं गोळा करतो आणि मग कान देतो."

इतकी वर्षं पुकारत होती, पण हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

तेवढ्यात डबा सावरत साहेब धावत आले. "ताई, शहराची गाडी अजून लागली नाही?"

"गेली, साहेब."

"अशी कशी गेली? तुम्ही ते पहिलं तर..." साहेबांनी जीभ चावली. गर्दी हसली, मग तेही हसले. "उद्यापासून पुन्हा चालू करा."

"उद्या कशाला? पुढची गाडी लागतेय," ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

सासूबाईंच्या माहेरची भाषा स्थानकभर घुमली. बाकंच्या बाकं उठली. साहेबांनी डबा काखेत मारला. समोरच्या घराची खिडकी धाडकन उघडली.

"सूनबाई! घाई कसली एवढी? नीट, सावकाश म्हण!"

भोंगाताईने पुन्हा म्हटलं. सावकाश.