विंगेतल्या आबांची शंभरी : ईडन प्रेरी ते ॲन आर्बर

"अकरा तास ड्राइव्ह? एका वाढदिवसाला?" माझा नवरा निखिल म्हणाला.

"तुझ्या चुलतभावाच्या मुलाच्या बारशाला शिकागोला गेलो, तेव्हा मी काही बोलले होते?" मी म्हटलं. विषय तिथेच संपला.

आता हा वाढदिवस कुणाचा, ते सांगते. आबा म्हणजे ॲन आर्बरच्या मराठी मंडळाचे प्रॉम्प्टर. अडुसष्टाव्या वर्षी सांगलीहून मुलाकडे तीन महिन्यांसाठी म्हणून आले आणि बत्तीस वर्षं राहिले! मंडळाचं एकही नाटक त्यांच्याशिवाय उभं राहिलं नाही, आणि प्रेक्षकांनी त्यांचा आवाज एकदाही ऐकला नाही. "प्रॉम्प्टर प्रेक्षकाला ऐकू आला की नाटक पडलं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. दुसरं, "पहिला शब्दच द्यायचा. बाकीचं वाक्य ज्याचं त्याला सापडतं."

मी तिथे शिकायला होते, तेव्हा पहिल्याच नाटकात, पहिल्याच एंट्रीला सगळं ठार विसरले. समोर दोनशे माणसं. विंगेतून हळूच एक शब्द आला, "अगंबाई". बस्स! माझी गाडी सुटली ती थेट पडदा पडेपर्यंत थांबली नाही. नंतर पार्टी, परीक्षा, नोकरी, लग्न. आभार मानायचे राहूनच गेले, आणि शंभर वर्षांच्या माणसाच्या बाबतीत 'पुढच्या वर्षी बघू' म्हणता येत नाही. त्यात मंडळाने मानपत्र वाचायला मलाच बोलावलं. वर आणखी एक कामगिरी दिली : आबा स्टेजवर यायला तयार नव्हते, त्यांना पटवायचं.

शुक्रवारी पहाटे निघालो. रस्ता चुकायची सोयच नाही, ईडन प्रेरीतल्या आमच्या घराजवळून तिथपर्यंत एकच हायवे, आय-९४. तरी निखिलने डिरेक्शन्सचे सात कागद प्रिंट केलेच, पुणेकर आहे. ऑक्टोबरात जाणार असाल तर विस्कॉन्सिन दिवसाउजेडी पार करा, दोन्ही बाजूंची झाडं लाल-पिवळी पेटलेली असतात. गॅस स्टेशनवर चीज कर्ड्‌स म्हणजे चीजचे छोटे गोळे मिळतात, ते ताजे असले की दाताखाली किचकिच वाजतात. आमच्या नऊ वर्षांच्या सईने अख्खी पिशवी संपवली आणि माझी थालीपिठं डब्यातच राहिली. शिकागोत टोलसाठी सुट्टी नाणी हाताशी ठेवा. ट्रॅफिकने अडीच तास खाल्ले, म्हणून पुढे इंडियानात साठ डॉलरच्या मोटेलमध्ये मुक्काम केला. सकाळी तिथे वॉफलचं मशीन होतं. सईच्या मते ट्रिपमधलं सर्वात भारी ठिकाण तेच.

मिशिगनमध्ये शिरलं की घड्याळ एक तास पुढे जातं. हे आम्हाला माहीत होतं. तरी विसरलो! बाप्पा, मी नागपूरची आणि हा पुण्याचा, दोघांत मिळून एकालाही आठवू नये? हॉलवर पोचलो तेव्हा आबांना पटवायला जेमतेम वीस मिनिटं उरली होती.

आबा व्हीलचेअरमध्ये विंगेत आधीच हजर. एका हातात टॉर्च, मांडीवर मी वाचायच्या मानपत्राची कॉपी.

"तीन चुका होत्या. सुधारल्यात," नमस्काराला वाकले तर हे पहिलं वाक्य.

"आबा, आज सत्कार तुमचा आहे. समोर बसायचंय." आता त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मी ओरडूनच सांगितलं.

"आणि तू अडलीस तर?"

"मी बघून वाचणारेय आबा!"

"सगळे असंच म्हणतात."

हरले मी. स्टेजवर सजवलेली रिकामी खुर्ची, तिच्यावर शाल आणि श्रीफळ, आणि माइकसमोर मी. तीन परिच्छेद झकास गेले. मग आलं ते वाक्य, "अंधारात उभं राहून ज्यांनी आम्हाला उजेडात बोलतं ठेवलं..." कागद डोळ्यांसमोर होता, पण मला ती 'अगंबाई' आठवली आणि डोळे भरून अक्षरं दिसेनाशी झाली. मी अडले.

"अंधारात!" विंगेतून आलं.

आबांना वाटलं, आपण कुजबुजलो. पण कान गेल्यापासून त्यांची कुजबुज म्हणजे लाउडस्पीकर. शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. आधी हशा, मग अख्खा हॉल उभा राहून विंगेकडे तोंड करून टाळ्या वाजवायला लागला.

मी माइक सोडून आत धावले. आबा गोंधळले होते. "काय झालं गं? नाटक पडलं?"

"पडलं आबा. सगळ्यांना ऐकू आलं."

आबांनी टॉर्च बंद केला, धोतर सारखं केलं. "मग आता लपून काय उपयोग? चल, ने बाहेर."

मीच व्हीलचेअर ढकलत त्यांना स्टेजवर नेलं. शाल घालताना कानाशी जाऊन म्हटलं, "आबा, मी विसरले नव्हते, रडू येत होतं. त्या 'अगंबाई'चे आभार मानायचे राहिले होते."

"रडणाऱ्यालाच पहिला शब्द जड जातो," ते म्हणाले. अर्थात सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. पुन्हा हशा. जेवणात मसालेभात आणि बासुंदी होती. आबांनी दोन वाट्या बासुंदी घेतली, डॉक्टर असलेल्या सुनेसमोर.

रविवारी परतलो. सोबत आणलेलं थोडंच : एक मफलर, आबांनी लाल पेनाने सुधारलेलं मानपत्र आणि कंबरदुखी. जायचं म्हणाल, तर नक्की जा; फक्त घड्याळ सांभाळा.

पुढच्या शनिवारी नेहमीप्रमाणे कॉलिंग कार्डावरून नागपूरला आईला फोन लावला. सई मराठीत अडली की मी फोन ओढून घेते आणि तिचं सगळं मीच बोलून टाकते, ही माझी जुनी सवय.

"आजी, आम्ही गेलो ना, तर..." सई थांबली. माझा हात पुढे गेला होता, तो मागे घेतला.

"तिथे," मी हळूच म्हटलं.

"तिथे एक आजोबा होते, हंड्रेड इयर्सचे! त्यांना व्हिस्पर करता येत नाही!" पलीकडून आईचं हसणं मला इथवर ऐकू आलं. सई सुटली होती, चुकत, अडखळत, पण सुटली होती. मध्येच रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाली, "आई, यू कॅन गो नाऊ."

गेले. फार लांब नाही, दाराआड उभी राहिले.