आईचं ‘शुअर, शुअर’

मंडळी, माझं लग्न आमच्या उचगावात नाही, केरळात होणार. हे आज दुपारी आमच्या आईनं ठरवलं, तेही इंग्रजीत!

माझी होणारी बायको केरळची. तिच्या आईचा, म्हणजे होणाऱ्या सासूबाईंचा व्हिडिओ कॉल येणार होता. त्यांना मराठी येत नाही आणि आईला इंग्रजी. म्हणून सकाळी मी आईला तीनच शब्द शिकवले: ‘येस’, ‘शुअर’, ‘ऑफ कोर्स’.

आता आमच्याकडं समोरचा बोलत असताना मध्ये मध्ये ‘व्हय, व्हय’ म्हटलं नाही, तर आपलं लक्ष नाही असं वाटतं. आईनं तेच इंग्रजीत सुरू केलं. सासूबाईंनी विचारलं, लग्न आमच्या गावी, केरळात करूया का? ‘शुअर, शुअर!’ सगळे विधी इकडंच? ‘ऑफ कोर्स!’

कॉल संपल्यावर मी कपाळाला हात लावला. “आई, कशाला हो म्हणालीस, कळलं तरी का?”

“मॅरेज, केरळा म्हंजे कळतंय की रं मला. आणि इचारताना तिचं डोळं भरलं व्हतं, बघितलं न्हाईस व्हय? एकुलती एक लेक हाय तिची. जन्मभर आपल्याकडंच राहणार. लगीन तरी आईच्या दारात हुं दे की.”

यावर ‘ऑफ कोर्स’शिवाय दुसरं काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.