बिनपायांचा कमळपक्षी

करीमभाई गेल्याची बातमी आणि त्यांच्या शोकसभेचं आमंत्रण मला एकाच कार्डावर मिळालं. मी तेव्हा धुळ्याला मुलीकडे होतो. वरच्या दोन ओळींत ‘आपल्या गावचे थोर चित्रकार’ पैगंबरवासी झाल्याचं कळवलं होतं, आणि खालच्या दोन ओळींत सभेची वेळ, जागा वाचनालयाची, अध्यक्ष रावसाहेब. खरं सांगायचं तर कार्ड वाचून मला आधी रडू आलं नाही, आधी राग आला. थोर चित्रकार म्हणे. उभ्या हयातीत गावानं ह्या माणसाला ‘पेटीवाला करीम’ याखेरीज दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. आज महिना झाला, तो राग अजून उतरलेला नाही, आणि उतरायच्या आत लिहून टाकावं म्हणून हे लिहायला बसलो आहे.

चोपड्याकडून सातपुड्याच्या दिशेनं निघालं की आमचं गाव लागतं. तिथल्या मराठी शाळेचा मी हेडमास्तर होतो आणि वाचनालयाचा चिटणीस अजूनही आहे. शाळेच्या वाटेवर करीमभाईंचं छप्पर होतं. लग्नात मुलीबरोबर द्यायच्या पत्र्याच्या पेट्या ते रंगवत. निळ्या नाही तर हिरव्या पेटीवर लाल गुलाब, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन पोपट. तो गुलाब त्यांनी कधीकाळी विलायती बिस्किटाच्या डब्यावरून उतरवून घेतला होता आणि त्याचा त्यांना मनापासून कंटाळा होता. एके दिवशी जाता जाता पाहतो तर पेटीच्या झाकणावर गुलाब नाही. पांढरी कुमुदं, शिंगाड्याची दातेरी पानं, आणि त्यांच्यामधून डोकं वर काढणारा टिबुकली पक्षी. मी विचारलं, हे कुठलं काढलंत? ब्रश न थांबवता ते म्हणाले, “आपला तळामधलं शे, मास्तर. तुम्ही रोज त्या वाटनी जातस. कधी देखं नही?”

मी नव्हतं पाहिलं. तळ्याजवळून जाताना मी नाकाला उपरणं लावत असे, एवढंच माझं नि तळ्याचं नातं. मुलांना मात्र मी निसर्गपाठ शिकवत होतो, तोही पुस्तकातून.

त्या तळ्याला लागूनच रावसाहेबांचं जिनिंग होतं. कापसाच्या गाड्या वाढल्या, उभ्या करायला जागा पुरेना, आणि मग गावकमिटीचे अध्यक्ष या नात्यानं रावसाहेबांना एकाएकी गावातल्या हिवतापाची काळजी वाटू लागली. हिवताप होताच, नाही कोण म्हणतो. पण जिनिंगच्या मागच्या डबक्यांत जे डास होते ते त्यांना कधी चावले नसावेत. तळं बुजवावं असा ठराव कमिटीपुढे आला तेव्हा ते म्हणाले, “त्या तळ्यात आहे तरी काय? गाळ, डास नि बेडकं.” कमिटीवर मीही होतो. विषय पावसाळ्यानंतरच्या बैठकीवर गेला, आणि हे वाक्य मी घरी जाताना करीमभाईंना सांगितलं. त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, “काय शे ते दखाडी देऊत.”

दुसऱ्या दिवसापासून छप्पर बंद. पुढ्यात आलेल्या पेट्या त्यांनी परत पाठवल्या. मांजरपाटाचा सहा हात लांब तुकडा आणला, खळ नि सफेदा लावून उन्हात वाळवला, आणि आषाढापासून दिवाळीपर्यंत हा माणूस तळ्याच्या काठावर बसला. पाऊस आला की डोक्यावर घोंगडी, पाऊस गेला की पुन्हा कागद नि शिसपेन. तळ्यात शिंगाडे काढणारी तापीअक्का नावाची कोळीण होती. ती तराफ्यावरून एकेक वेल, एकेक गवत उपटून आणून द्यायची, नाव सांगायची, आणि कोणत्या गवतात कोण अंडी घालतं तेही. करीमभाई ते घरी नेऊन कापडावर उतरवत. कुमुद, पाणकणीस, लव्हाळा, चांदवा, खंड्या, पाणकोंबडी, गोगलगायी, चतुर... जे जेवढं आहे ते तेवढंच, लहान नाही की मोठं नाही. नेम एकच. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही ते काढायचं नाही.

त्या नेमापायीच कमळपक्ष्याचे पाय राहिले. पावसाळ्यात लांब काळी शेपटी फुटते तो, कुमुदाच्या पानांवर चालणारा पक्षी. तळ्याच्या मधोमध तरंगत्या पानांवर त्याची अंडी होती आणि तो त्यांच्यावर बसलेला असे. बसलेला पक्षी करीमभाईंनी असा काढला, की मानेमागचा पिवळा ठिपका पाहून आपण हात लावायला जावं. पण पाय पोटाखाली. उठला की उडून थेट पलीकडच्या लव्हाळ्यात उतरायचा. उडताना खाली काहीतरी लोंबताना दिसे, पण बोटं किती नि केवढी ते कळत नसे. तापीअक्का म्हणाली, याची बोटं वीतभर असतात, काढून टाका. मी म्हणालो, एक खडा मारा, उठेल, दोन पावलं तरी पानांवर चालेल. करीमभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला अजून आठवलं तरी ओशाळं वाटतं.

“खडा माऱ्यावर तो उठी, मास्तर. पन अंडा थंडा व्हई जातीन ना. ऱ्हाऊ द्या. पुढला साल देखसूत.”

आणि पायांच्या जागी त्यांनी नुसतं पांढरं कापड सोडलं.

दिवाळीनंतरच्या बाजारच्या दिवशी दोन बांबूंना बांधून ते चित्र त्यांनी भर बाजारात उभं केलं. मी आयुष्यात अनेक व्याख्यानं ऐकली आहेत, काही दिलीही आहेत. पण माणसं अशी बोलायची थांबलेली मी कधी पाहिली नाहीत. मिरच्या विकणाऱ्या बाया पाट्या सोडून आल्या. एक म्हातारे आबा लव्हाळ्यावर बोट ठेवून म्हणाले, “बठ्ठं आपलंच शे. आनि आपलेच माहीत नही.” पुढच्या आठवड्यात लोक सकाळी सकाळी तळ्यावर जाऊन चित्रातला पक्षी ओळखू लागले. मी प्रांतसाहेबांकडे अर्ज लिहिला, तळं राखावं म्हणून. त्याखाली सह्या कमी नि अंगठे जास्त होते, पण इतके होते की कागदाला कागद जोडावा लागला. प्रांतसाहेबांनी शेरा मारला, गावकमिटीनं लोकांचं मन पाहून ठरवावं. मला वाटलं, आपण जिंकलो.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना लेखणी अडखळते, पण सांगतो. कमिटीची बैठक भरली. रावसाहेबांनी चित्र मागवून घेतलं होतं. ते त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलं आणि करीमभाईंची अशी स्तुती केली की आम्ही सगळे गहिवरलो. मग म्हणाले, “तळ्यात जे जे म्हणून आहे, ते आता इथं आलं. पाऊस लागणार नाही, ऊन लागणार नाही, कायमचं. लोकांना तळं हवं आहे ना? हे घ्या. माझ्या पदरची सागवानी चौकट करून देतो, वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर लावू. मास्तर, तुमची ती भिंत किती वर्षं रिकामी आहे.” आणि लगेच, त्याच दमात, ठराव मताला टाकला. चित्र वाचनालयाला, जागा जिनिंगला, एकाच ठरावात. हात वर झाले. त्यांत माझाही होता.

का केला? ह्या प्रश्नाला मी स्वतःला पुष्कळ उत्तरं दिली आहेत. एकट्याच्या विरोधानं काय झालं असतं, निदान चित्र तरी राहिलं, वगैरे. सगळी खोटी आहेत. खरं उत्तर असं, की त्या क्षणी मला तळं दिसत नव्हतं, माझी भिंत दिसत होती. ज्या चित्रानं तळं वाचायचं, त्याच चित्रानं ते बुजवलं, आणि त्याचा खिळा मी ठोकला. रावसाहेबांवर चिडणं सोपं आहे. ते मी रोज करतो. माझ्यावर चिडायला मला हा लेख लागला.

उन्हाळ्यात मुरुमाच्या गाड्या सुरू झाल्या. तापीअक्का एकदा वाचनालयाच्या दारात आली. आत कधी आली नव्हती, तेव्हाही आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच चित्राकडे बघत म्हणाली, “मास्तर, आते शिंगाडा काय चित्रमाईन तोडू?”  ती पुढे कुठल्याशा बागेत केळीचे घड वाहायला जाऊ लागली. करीमभाईही एकदा आले. ते मला बोलतील, शिव्या देतील, म्हणून मी तयार होतो, खरं तर वाटच पाहत होतो. त्यांनी चित्र किंचित तिरपं झालेलं सरळ केलं आणि खिळा चाचपून विचारलं, “खिया मजबूत शे ना?” बस, एवढंच. त्या माणसानं मला बोल लावला असता तर मी आज जरा बरा झोपलो असतो.

पेटीवर पुन्हा गुलाब आला. पुढे लढाई सुरू झाली, रंग मिळेनात, पत्रा मिळेना, तरी असतील नसतील त्या जुन्या पेट्यांवर ते गुलाबच काढत राहिले. मी एकदा धीर करून म्हटलं, करीमभाई, एखादी टिबुकली काढा की. ते म्हणाले, “गुलाब ठीक शे. तो आपला गावमा नहीच, मंग तो कोन बुजाडी?” मात्र दरवर्षी श्रावणात एक दिवस ते वाचनालयात यायचे, कमळपक्ष्यासमोर उभे राहायचे आणि जायचे. गेल्या श्रावणात आले तेव्हा त्यांना नीट दिसत नव्हतं. जवळ जाऊन, बोटानं चाचपून, त्यांनी ती पांढरी जागा शोधली... तीच आमची शेवटची भेट.

शोकसभेला मी गेलो. धुळ्याहून मोटारीनं गेलो, उशीर होऊ दिला नाही. चित्राला झेंडूचा हार घातला होता. रावसाहेब तळ्याविषयी असे बोलले, जणू ते तळं स्वतःच कंटाळून निघून गेलं. शेवटी त्यांनी सूचना मांडली. करीमभाईंचं हे चित्र अपुरं राहिलं आहे, पक्ष्याला पायच नाहीत, बघणारे हसतात. शहरातून चांगला चित्रकार बोलावून पाय काढून घ्यावेत आणि खाली करीमभाईंच्या नावाची पितळी पट्टी लावावी, हेच त्यांचं खरं स्मारक. हात वर झाले. ह्या वेळी माझा नव्हता. मी उठून म्हटलं, ते पाय अपुरे राहिलेले नाहीत, ते आपण बुजवलेले आहेत. कुणीतरी खाकरलं. रावसाहेबांनी मास्तरांच्या भावना आम्ही समजू शकतो असं म्हणून ठराव मंजूर केला, आणि चहा आला.

तो चित्रकार येत्या बाजाराच्या दिवशी येणार आहे, असं ऐकतो. त्याला हेलपाटा पडू नये म्हणून इथेच कळवतो. वाचनालयाची एक किल्ली माझ्याकडे असते. सभेच्या दुसऱ्या दिवशी भर सकाळी, चार लोकांच्या देखत, मी कापड चौकटीतून सोडवलं, गुंडाळलं आणि घरी आणलं. चौकट रावसाहेबांची होती, ती त्यांच्यासाठी भिंतीवर तशीच ठेवली आहे. कमिटीनं हाच माझा चिटणीसपदाचा राजीनामा समजावा. ज्यांना तळं बघायचं असेल त्यांनी माझ्या घरी यावं. तापीअक्का परवा येऊन गेली, आणि या वेळी उंबऱ्याच्या आत आली. कमळपक्षी अंड्यांवर बसलेला आहे. त्याला कुणी उठवायचं नाही.