फ्रान्सचा मुरूम

माझ्या पुरणाच्या पातेल्यात नवऱ्याने सायकलची चेन उकळली, त्या दिवशी मला खरोखर मळमळलं. मेणात उकळली, असं तो म्हणाला. तेल लावलं की धूळ चिकटते, मेण लावलं की चिकटत नाही, आणि ट्रिपला जायचं त्या फ्रान्सच्या रस्त्यांवर म्हणे बारीक पांढरी धूळ असते. मी ऑफिसातून आले तर स्वयंपाकघरभर विझल्या मेणबत्तीचा वास, ओट्यावर काळे थेंब, आणि पातेल्यात मेलेल्या सापासारखी वेटोळं घालून पडलेली ती चेन. "घासलं की निघेल गं," तो म्हणाला. घासायचं कोणी, ते काही बोलला नाही. मी ते पातेलं चिमट्यात धरून खाली बिल्डिंगच्या कचरापेटीत टाकून आले. चेन तेवढी आधी काढून ठेवली, इतका सभ्यपणा माझ्यात शिल्लक होता.

त्या महिन्यांत घरात किळस यावी असं काही ना काही रोजच असायचं. बहारीनच्या माहूज भागातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, टीव्हीसमोर, त्याने एका स्टँडवर सायकल आवळून बसवली होती. ऑगस्टात इथे बाहेर चालणंसुद्धा शिक्षा, म्हणून हा एसी लावून जागच्या जागी पेडल हाणायचा. टीव्हीवर फ्रान्सची शेतं मागे पळायची आणि खाली गालिच्यावर घामाचं डबकं साचायचं. फ्रिजच्या दारात माझ्या लिंबाच्या लोणच्याशेजारी एक डबी आली. मला वाटलं, चीज असेल. ते बुडाला लावायचं मलम होतं, सीटवर घासून सालटी निघू नयेत म्हणून! बाथरूमच्या जाळीत पायाचे केस अडकलेले. केसांनी वाऱ्याला अडथळा होतो, असं कोणीतरी सांगितलं होतं. पन्नाशीला टेकलेला माणूस, पोट पुढे, वारा अडत असेल तर त्या पोटानेच, पण वस्तरा फिरला पायांवर. चोर सोडून संन्याशाला फाशी.

आणि हे खूळ घरात आणलं होतं मीच.

मी कराडजवळच्या गावात सायकलवर वाढले. शाळा, कॉलेज, दळण, बाजार, सगळं सायकलवर. बहारीनला आले आणि सायकल सुटली, कारण इथे पाय असतात ते अॅक्सिलरेटर दाबायला. एकदा थंडीत मी शेजारणीच्या मुलीची सायकल मागून घेतली आणि आमच्या गल्लीत एक फेरी मारायला निघाले. कोपऱ्यावर एक गाडी मुद्दाम घासून गेली आणि आतून कोणीतरी अर्धा प्यालेला लबनचा डबा माझ्या पाठीवर फेकला. लबन म्हणजे इथलं ताक. ते ओघळत कमरेपर्यंत गेलं आणि गाडीतली माणसं खिदळत पुढे गेली. मी सायकल हातात धरून घरी आले. त्यानंतर कित्येक दिवस अंगाला आंबट वास येतोय असं वाटायचं. मागून गाडी आली की पाठ आखडायची, अगदी मॉलच्या पार्किंगमध्ये चालतानाही.

म्हणून तो व्हिडिओ मला इतका आवडला. फ्रान्समधली एक जुनी रेल्वेलाइन. गाड्या बंद झाल्या, रूळ काढून नेले, आणि त्या जागेवर बारीक मुरूम दाबून नुसता सायकलींचा रस्ता केला. मोटार आत शिरूच नये म्हणून तोंडाशी खांब. दोन्ही बाजूंना झाडं, मधेच ओस पडलेलं स्टेशन, मग नदीवरचा पूल. माझ्याच वयाची एक बाई पुढे टोपली लावलेली सायकल चालवत चालली होती आणि एकदाही मागे वळून बघत नव्हती. मी तो नवऱ्याला दाखवला. "मला इथे जायचंय," मी म्हटलं. त्याने तो शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाला, "आपण जाऊ." मराठीत हे एक बरं आहे, 'आपण' म्हटलं की समोरचं माणूस त्यात आलंच. महिनाभरात त्याचं 'आम्ही' झालं.

आम्ही म्हणजे सुट्टीच्या दिवशी पहाटे गाड्यांच्या मागे सायकली टांगून वाळवंटात जाणारे पाच मराठी साहेब. त्यांच्या म्होरक्याला सगळे कॅप्टन म्हणायचे. बँकेत मोठा हुद्दा आणि दर वाक्याला एक 'बेसिकली'. माझा व्हिडिओ नवऱ्याने त्यांच्या ग्रुपवर टाकला आणि बघता बघता त्याची मोहीम झाली. नकाशे, टायर, पिशव्या, आणि तोंडात एकच शब्द, ग्रॅव्हल.

"मुरूम म्हण की," मी एकदा म्हटलं.

"मुरूम नाही गं, ग्रॅव्हल. वेगळं असतं."

"काय वेगळं असतं?"

त्याने जरा विचार केला. "फील," म्हणाला.

आमच्या गावात ग्रामपंचायत मुरूम टाकायची तेव्हा लोक आईमाईवरून शिव्या घालायचे, डांबर कोणाच्या घशात गेलं म्हणून. मुरूम तोंडावर आला की माणसं मलम लावतात. यांना तो रस्त्यावर हवा होता आणि मलम भलतीकडे. पण मी गप्प बसले. मुरूम म्हणा नाहीतर ग्रॅव्हल, मला त्या रस्त्यावर सायकल चालवायची होती, बस. व्हिसा झाला. मी सीफमधल्या माझ्या ऑफिसात लीव्ह मंजूर करून घेतली. सायकलवर बऱ्या पडतील अशा दोन पँट आणल्या आणि कपाटात वर ठेवल्या.

मग अदलियातल्या एका कॅफेत सगळ्यांची मीटिंग झाली. पाचही जण सायकल हाणून थेट तिथे आले होते, त्या चोपून बसलेल्या चड्ड्यांतच. गादीच्या खुर्च्यांवर ओले ठसे उमटत होते आणि वेटर बिचारा श्वास धरून कॉफी ठेवून जात होता. कोणाला सकाळी साफ होत नाही, कोणाला चढावर गॅस होतो, याची चर्चा तोंडात केक असताना चालली होती. माझ्यासारख्याच आणखी दोघी बायका होत्या, त्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. कॅप्टनने पिशवीतून टी-शर्ट काढले. पुरुषांच्या पाठीवर ज्याचं त्याचं नाव. आमच्या तिघींच्या पाठीवर 'सपोर्ट क्रू'.

"वहिनी, सगळ्यात मोठी जबाबदारी तुमच्यावर," तो मला म्हणाला. "बेसिकली सामानासाठी तिकडे भाड्याने घेतलेली व्हॅन गिअरची आहे, या दोघींना ऑटोमॅटिकच येते, ती तुम्हालाच जमणार. सकाळी आमचं सामान पुढच्या मुक्कामाला न्यायचं, दुपारी आम्ही सांगू तिथे थालीपीठ-दही घेऊन थांबायचं. खलास! मग तुम्ही लेडीज मोकळ्या. यल्ला, चला शॉपिंगला!"

"मी सायकल चालवणार आहे," मी म्हटलं.

सगळे हसले. वाईट हेतूने नव्हे, लहान मुलाच्या बोलण्याला हसतात तसं. कॅप्टनने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. "वहिनींना येते सायकल?"

मी समोर बसलेली. नवरा कपात चमचा ढवळत राहिला.

"येते," म्हणाला, "पण तशी नाही."

तशी नाही! हा माणूस मला बघायला आला त्या दिवशी पोह्यांवर घालायला घरात नारळ नव्हता. मी सायकलवर गेले, नारळ घेऊन आले आणि दारात त्याच्याच पुढ्यात उतरले. तिथेच आपण होकार ठरवला, असं तो आजवर प्रत्येक पाहुण्याला रंगवून सांगत आलाय. आणि आता पाच घामट माणसांपुढे, तशी नाही. मला त्याची लाज वाटली, आणि त्याच्या शेजारी बसल्याबद्दल स्वतःचीही. टी-शर्ट मी टेबलावरच ठेवला.

परतताना गाडी अर्थात मीच चालवत होते. एसी लावूनही काचा खाली कराव्या लागल्या, इतका तो वास मारत होता.

"एक दिवस," मी म्हटलं. "त्या रेल्वेच्या रस्त्याचा फक्त. त्या दिवशी व्हॅन तू चालव. बाकी सगळे दिवस मी चालवते, थालीपीठंही लावते."

त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं, आता हो म्हणेल.

"त्याच दिवशी?" तो म्हणाला. "अगं, पण तोच तर सगळ्यात भारी रूट आहे. त्याच्यासाठीच तर चाललोय आपण."

परत आपण. सिग्नलला मी ब्रेक जरा जोरातच दाबला. "मग व्हॅन मी एकही दिवस चालवणार नाही," मी म्हटलं.

"मग ट्रिपच खलास."

"होऊ दे खलास."

ट्रिप कसली खलास होतेय! कॅप्टनने तिकडे फोन केला आणि ड्रायव्हर मिळाला. म्हणजे तो पहिल्यापासून मिळण्यासारखा होता, फक्त बायको हाताशी असताना विचारायची गरज कोणाला? मी नवऱ्याला म्हटलं, "बरं झालं. आता मी सायकलवर येते." तो टायरमध्ये हवा भरत होता. "आता कसं?" म्हणाला. "तू आधीच मोडता घातलास. कॅप्टन म्हणतो, वहिनींचा मूड नाही तर राहू दे त्यांना, उगाच ग्रुपचा..." पुढचं वाक्य पंपाच्या आवाजात गेलं. मी लीव्ह रद्द केली. माझा पासपोर्ट, माझा व्हिसा, एकटी गेले असते तरी चाललं असतं, पण मला इतका वीट आला होता की त्या रस्त्याचं नावही नको झालं.

ते गेले. मी गालिचा धुवायला दिला, बाथरूमची जाळी साफ केली, फ्रिजमधली डबी टाकून दिली. घराला घराचा वास आला. चार दिवस मी मजेत होते, खोटं कशाला सांगू.

पाचव्या दिवशी दुपारी ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा खाताना त्याचा व्हिडिओ आला. तोच रस्ता. दोन्ही बाजूंना झाडं, बंद स्टेशन, पूल, आणि कुठेही गाडीचा आवाज नाही. नुसता चाकाखाली मुरूम करकरत होता आणि त्याची धाप ऐकू येत होती. शेवटी त्याने कॅमेरा स्वतःकडे वळवला. तोंड लालबुंद, ओठांच्या कोपऱ्यांत वाळलेला फेस, डोळ्यांत पाणी. "बघ, तुझा रस्ता," तो म्हणाला. "तू असायला हवी होतीस गं."

तो मनापासून बोलत होता, आणि तेच मला सहन होईना. घाम, केस, मलम, त्या सगळ्यावर निदान साबण चालतो. मी हातातला घास परत ठेवला. डब्याचं झाकण लावलं, हात पुसले आणि त्याला लिहिलं, "कुठे? व्हॅनमध्ये?"