बापूंच्या गाडीची काच

बापूंचा हात तोंडाआधी चालायचा. दोनदा आमदार झाले, तरी त्या हाताला वळण म्हणून लागलं नाही. रस्त्याच्या कंत्राटदाराला त्यांनी त्यानेच ओतलेल्या डांबरावर लोळवलं. नागपूरच्या अधिवेशनात माईक उपटून फेकला, निलंबित झाले आणि हसत गाडीत येऊन बसले. मी त्यांचा ड्रायव्हर. दोन थपडा मीही खाल्ल्या. दोन्ही दिवशी त्यांनी मला शेजारी बसवून स्वतःच्या हाताने वाढलं. असा माणूस. राग तरी किती धरणार?

गाडीत ते माझ्या शेजारी, पुढेच बसायचे आणि त्यांच्या बाजूची काच कायम खाली. मे महिन्यात तोंड भाजून निघायचं. मी कुरकुरलो की म्हणायचे, "आमदार दिसला पायजे लोकायले. काचेआड बसाले मी काय नवी नवरी हाव?"

तिसऱ्या निवडणुकीआधी माझ्याच गावात सभा होती. माझा धाकटा भाऊ सुभाष उठला. "बापू, दहा वर्सं झाले, आमच्या पुलाचं काय झालं?" बापू मंचावरून उतरले आणि साऱ्या गावादेखत त्याच्या कानाखाली जाळ काढला. मी गाडीजवळून हललो नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

आठवड्याने त्याच गावाजवळ जमावाने गाडी अडवली. काठ्यांनी बोनेट चेपलं, मागची काच फुटली. बापूंची काच खालीच होती. चार हातांवर सुभाष उभा. त्याने नेम धरून दगड हाणला. बापूंचा डावा डोळा फुटला, रक्त माझ्या बाहीवर उडालं.

यवतमाळच्या दवाखान्यात पोलिसांनी बापूंना दगड मारणाऱ्याचं नाव विचारलं. सुभाषच्या उभ्या जन्माचा प्रश्न होता. बापू म्हणाले, "लय लोक होते. नाही दिसलं."

डोळा गेला, निवडणूकही गेली. त्यांना घरी नेताना बसस्थानकासमोर गाडी अडकली. लोक बापूंना पाहायला जवळ येऊ लागले आणि मला नेमका तिथेच हुंदका फुटला. "बापू, दगड मारनारा माहा..."

"गजू, पयले काच वर घे."

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी ती काच वर घेतली.

"हं. आता रड किती रडाचं ते," बापू म्हणाले. "पन त्याचं नाव काढू नको. पयला हात म्याच उचलला होता."