लुडविग्सहाफेनमधली ‘रिकामी’ घरं

रजा काढून लुडविग्सहाफेनला फिरायला जाणारी माणसं जर्मनीत शोधून सापडणार नाहीत. मी जातेय म्हटल्यावर माझा नवरा अनिकेत आधी हसला. मग म्हणाला, "अगं, आल्प्स राहिलेत आपले अजून." राहू देत. आल्प्स कोणी पाडायला काढलेले नाहीत.

झालं असं, की मी मूळची पुण्याची, शिक्षणानं आर्किटेक्ट. अनिकेत वोल्फ्सबुर्गच्या कार कंपनीत आयटीत आहे म्हणून आम्ही तिथे राहतो, आणि मी रोज ब्राउनश्वाइगच्या एका छोट्या ऑफिसात कामाला जाते. फेब्रुवारीत ऑफिसनं मला एका दिवसासाठी लुडविग्सहाफेनला पाठवलं होतं. तिथल्या जुन्या कामगार वसाहतीतली एक चोवीस घरांची इमारत दुरुस्त करायची की पाडायची, याचा अहवाल आम्हाला मालक कंपनीला द्यायचा होता. मी पावसात छत्री धरून खाली उभी राहिले, फोटो काढले आणि बेलवरची नावं मोजली. जर्मनीत बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो, बेलवरचं आडनाव हीच घराची ओळख. नऊ बेलवर नावं होती, पंधरा कोऱ्या. मी तक्त्यात लिहून टाकलं, पंधरा घरं रिकामी. अर्ध्याहून जास्त इमारत रिकामी असली की दुरुस्ती परवडत नाही आणि पाडणं आपोआप शहाणपणाचं ठरतं.

एप्रिलच्या शेवटी ऑफिसात हातानं लिहिलेलं एक पत्र आलं. "आदरणीय फ्राउ आर्किटेक्टिन, तुम्ही माझ्या खिडकीखाली चाळीस मिनिटं उभ्या होतात. मी दुसऱ्या मजल्यावरून हात हलवला, तुम्हीही हलवलात. काल भाडेकरूंच्या बैठकीत तुमचा तक्ता दाखवला. त्यात माझं घर रिकामं आहे. हे कसं?" खाली सही, हेल्गा केस्लर.

मला तो हात आठवत होता, हे सगळ्यात वाईट.

माझे बॉस हेर फोग्ट यांनी पत्र फाइलला लावलं. पुन्हा जायचं बजेट नाही, मेअखेर अहवाल जाणार, विषय संपला. घरी जेवताना मी तणतणत होते. आमची आठ वर्षांची ईरा मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. तिनं शांतपणे विचारलं, "मामा, वारुम हास्ट डू निश्ट गेक्लिंगेल्ट?" आई, तू बेल का नाही वाजवलीस?

कारण माझ्याकडे टेर्मिन नव्हती! इथे टेर्मिन, म्हणजे आधी ठरवलेली वेळ, घेतल्याशिवाय कोणी कोणाच्या दारात जात नाही. नऊ वर्षांत मी इतकी सुधारले, की मैत्रिणीकडे कोथिंबीर मागायला जातानाही तीन दिवस आधी मेसेज करते. आणि हीच मी कॉलेजात असताना पुण्याच्या जनता वसाहतीत घरोघरी सर्व्हे करत हिंडायचे. आमच्या बाईंचा एकच नियम होता: घरात बसून पाणी प्यायल्याशिवाय टेप बाहेर काढायची नाही. माणसं कशी राहतात ते कळल्याशिवाय भिंती मोजून तुम्ही काय दिवे लावणार, असं त्या सरळ तोंडावर विचारायच्या. मला स्वतःचा इतका राग आला की जेवण तसंच टाकून मी चार दिवसांच्या रजेचा अर्ज केला.

आता प्रवासाचं. आयसीई या वेगवान गाडीनं हे अंतर चार-साडेचार तासांत होतं, पण पैसे मी भरणार होते आणि महिन्याचं डॉइशलँडटिकेट खिशात होतंच. त्यात साध्या गाड्याच चालतात. सकाळी सहाला निघून, पाच गाड्या बदलून, संध्याकाळी पाचला पोचले. कोणाला असा प्रवास करायचा असेल तर एक सल्ला: गाड्या बदलायला दिलेल्या सात मिनिटांवर विश्वास ठेवू नका आणि दशम्या-चटणी बरोबर घ्या. कासेलच्या पुढे डोंगर, जंगल आणि टुमदार गावं छान दिसतात. मानहाइमला ऱ्हाइन ओलांडली की समोर चिमण्या, पाइप आणि वाफ. या शहराला कुरूप म्हणायची जर्मनीत फॅशनच आहे. म्हणणारे बहुतेक पुलावरून जाताना म्हणतात, खाली उतरत नाहीत. मीही फेब्रुवारीत तशीच आले होते.

इथल्या अवाढव्य रसायन कारखान्यात कामाला येणाऱ्या बाहेरगावच्या कामगारांसाठी स्वस्त खोल्या मिळतात. पस्तीस युरोत पलंग, टेबल आणि सामायिक स्वयंपाकघर. खोली स्वच्छ होती, मला आवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला इमारतीसमोर उभी राहिले. चकचकीत स्टीलचं पॅनल, चोवीस बटणं, पंधरा कोरी. केस्लरबाईंची बेल यातली कुठली ते कळेना. मग सरळ सगळ्यात वरून सुरुवात केली आणि एकेक बटण दाबत खाली आले. टेर्मिन गेली खड्ड्यात. खिडक्या उघडायला लागल्या. चार-पाच डोकी बाहेर आली. दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला, "आह! छत्रीवाल्या बाई!"

फ्राउ केस्लर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, बुटक्या आणि ताठ. नवरा कारखान्यात फिटर होता, तो जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांनी मला बसवलं आणि न विचारता पाण्याचा ग्लास ठेवला. मी तो एका दमात संपवला.

"तुमच्या बेलवर नाव का नाही?" मी विचारलं.

"गेल्या वर्षी कंपनीनं नवं पॅनल बसवलं. नावांच्या पट्ट्या इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर लावेल म्हणाले. मी तीन पत्रं पाठवली. मग स्वतःच कागद चिकटवला, तर तो काढून टाकला. म्हणे पॅनल एकसारखं दिसत नाही."

"आणि त्या नऊ?"

"ते माझ्याहून जास्त भांडले." मग त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुम्ही आर्किटेक्टिन ना? मग वर यायला काय झालं होतं?"

मला रडू येईल असं वाटलं. म्हणाले, "चूक झाली. माझीच. आणि मला आर्किटेक्टिनही म्हणू नका. इथल्या काम्मरमध्ये, म्हणजे आर्किटेक्टांच्या परिषदेत, नाव नोंदवल्याशिवाय कायद्यानं मला तसं म्हणवून घेता येत नाही. नोंदणीसाठी बॉसचं पत्र लागतं, ते पुढच्या महिन्यात मिळणार आहे."

"आल्झो, बरं तर," त्या म्हणाल्या, "आधी स्वयंपाकघर बघा."

जर्मनीत भाडेकरू घर सोडताना बहुधा स्वयंपाकघरातली कपाटं, ओटा सगळं उचकटून घेऊन जातो, कारण ते त्याचं असतं. केस्लरबाईंच्या नवऱ्यानं या घराच्या वाकड्या कोपऱ्यात, चिमणीच्या फुगवट्याला वळसा घालत, मिलिमीटरच्या हिशेबानं ओटा बसवला होता. तो जगात दुसऱ्या कुठल्याच घरात बसणार नाही. कंपनी त्यांना शहराच्या टोकाला, ट्रामपासून लांब एक खोली देत होती. "मी तिथे मावेन," त्या म्हणाल्या. "पण हे मावणार नाही. आणि हे सोडून मी जाणार नाही."

तिसरा दिवस दार वाजवण्यात गेला. केस्लरबाई पुढे, मी मागे. माझ्या तक्त्यातल्या तळमजल्यावरच्या ‘रिकाम्या’ घरात योर्दान नावाचा बल्गेरियन माणूस बायको आणि दोन मुलींबरोबर राहत होता. कारखान्यातल्या टाक्या आतून साफ करायचं काम करतो. मला म्हणाला, "मी रिकामा? माझं भाडं तर दर महिन्याला जातं." एका घरी चहा, एका घरी कॉफी, तिसऱ्या घरी पुन्हा पाणी. प्रत्येक ठिकाणी बसले, मग टेप काढली. छप्पर एका कोपऱ्यात गळतंय, नळाच्या उभ्या लाइनी कुजल्यात, वरच्या मजल्यावर बुरशी आहे. भिंती मात्र खणखणीत. ही इमारत मोडकळीला आलेली नाही, तिच्याकडे कोणी बघितलेलं नाही. खरी रिकामी घरं किती निघाली? दोन.

दुपारी केस्लरबाईंनी डांपफ्नूडेल केले. म्हणजे झाकण लावून वाफवलेले मैद्याचे गोळे, तळाला खारट आणि खरपूस. बरोबर बटाट्याचं सूप, माझ्यासाठी मांस न घालता. या भागात आलात आणि शाकाहारी असाल तर दुसरं काही शोधू नका. निघताना मी माझ्या पिशवीतली कागदी चिकटपट्टी आणि मार्कर त्यांच्या टेबलावर ठेवून आले.

चौथ्या दिवशी पुन्हा पाच गाड्या. गुडघ्यावर लॅपटॉप ठेवून नवा नकाशा काढला, त्यात प्रत्येक घरात राहणाऱ्यांची संख्या.

सोमवारी तो हेर फोग्ट यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा काढला. "हे तुमचं खासगी काम झालं, रजेतलं. अहवालात ते येऊ शकत नाही."

"मग अहवालावर माझं नावही येऊ शकत नाही."

"काम्मरसाठी तुम्हाला माझं पत्र हवंय, बरोबर?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण त्यात तुम्ही काय लिहिणार? की ही बाई कोऱ्या बेल फार अचूक मोजते?"

त्याच दिवशी मी माझा तक्ता चुकीचा होता असं लेखी कळवलं आणि नवा नकाशा जोडला. एक प्रत मालक कंपनीला, एक भाडेकरू संघाला, एक शहराच्या बांधकाम खात्याला. संध्याकाळी अनिकेतला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नोकरी गेली तर आल्प्सला नक्की जाऊ."

नोकरी गेली नाही. पत्रही मिळालं नाही. पाडण्याचा निर्णय थांबलाय, दुसऱ्या ऑफिसला दारोदार जाऊन पाहणी करायला सांगितलंय. इमारत वाचली असं मी म्हणणार नाही, अजून लढायचं आहे. माझी नोंदणी किती लांबली माहीत नाही, आणि ते टोचतं. पण मी कशासाठी शिकले ते विसरायला लागले होते, त्याची एका म्हातारीनं पाण्याचा ग्लास पुढे करून आठवण करून दिली. आता कुठल्याही साइटवर मी आधी बेल वाजवते. लोक दचकतात. दचकू देत.

परवा घरी एक पाकीट आलं. आत पॅनलचा फोटो होता. चकचकीत स्टीलवर बावीस कागदी पट्ट्या, बावीस वेगवेगळी अक्षरं, काही तिरकी, एक बहुतेक योर्दानच्या मुलीनं रंगीत पेननं लिहिलेली. फोटोमागे केस्लरबाईंनी लिहिलं होतं, "त्यांनी दोनदा काढल्या. आम्ही तिसऱ्यांदा लावल्यात. चिकटपट्टी संपत आली आहे, पाठवा."

पाकिटावर माझ्या नावाआधी ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: आर्किटेक्टिन. या वेळी मी त्यांना दुरुस्त केलं नाही. चिकटपट्टीची सहा रिळं घेतली आणि पोस्टात टाकली.