कणकणीला रकाना नव्हता

दोहात वर्ल्ड कपची तयारी सुरू होती, त्या वर्षांत माझ्या नोकरीचा अर्धा भाग ओरडण्याचा होता. मी स्टेडियमच्या साइटवर इंजिनिअर होतो. काँक्रीटची गाडी उशिरा आली की ओरडायचं आणि लवकर आली तरी ओरडायचं. दिवसभर ‘यल्ला, यल्ला’ करत माणसं पिटाळणारा माणूस घरी येऊन मऊ होत नाही. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दारं आपटायची, ती बहुतेक मीच आपटलेली असायची.

त्यात बायकोला स्तनाचा कॅन्सर निघाला. मला इतका राग आला की तो कुणावर काढावा ते कळेना. केमो सुरू झाली तेव्हा नर्सनं एक कार्ड दिलं होतं. जरा जरी बरं वाटेनासं झालं तरी लगेच फोन करा, आणि आम्हाला विचारल्याशिवाय तापाची गोळी देऊ नका, असं त्यावर लिहिलेलं होतं. ते कार्ड मी फ्रिजवर लावलं. वाचलं मात्र नंतर, वाचून उपयोग नव्हता तेव्हा.

कारण माझ्याकडे अ‍ॅप होतं. ऑफिसातल्या कुणीतरी ग्रुपवर पाठवलेलं. सकाळ-संध्याकाळ पेशंटची माहिती भरायची की ते हिरवा, पिवळा नाहीतर लाल चेहरा दाखवायचं. मला ते फार आवडलं. ते कुणी बनवलं, कुठल्या डॉक्टरनं तपासलं, हे मी विचारलंही नाही. सिमेंटच्या गोणीला टेस्ट सर्टिफिकेट मागणारा मी! पण अक्कल गहाण ठेवायची तर नीट ठेवावी, तशी मी ठेवली.

माहिती भरायचं काम तेरा वर्षांच्या मुलीकडे दिलं. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. स्कूल बस यायच्या आधी ती जुना फोन घेऊन आईच्या पलंगावर बसायची. ताप? हो की नाही. थकवा? थोडा की खूप.

दुसऱ्या केमोनंतर आठवडा झाला आणि बायको म्हणाली, “ताप नाही गं, नुसती कणकण आहे.”

आमच्या नाशिकच्या घरात कणकण हा आजार धरत नाहीत. अंग मोडून येतं, डोळे जड होतात, कपाळ कोमट लागतं. अशा वेळी थर्मामीटर काढायचा नसतो. एक क्रोसिन, आल्याचा चहा आणि पांघरूण, की झालं. देशातून आणलेल्या पट्ट्या कपाटात होत्याच. मी तिला दिवसातून तीनदा गोळी देऊ लागलो. थर्मामीटर लावायचो तो गोळीनंतर, अ‍ॅप आकडा मागतं म्हणून. मग आकडा ठीकच यायचा. मुलगी ‘ताप’पुढे ‘नाही’ भरायची आणि कणकणीसाठी ‘थकवा, थोडा’. चेहरा हिरवा. तीन दिवस हिरवा.

तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, “अहो, एकदा फोन करूया का हॉस्पिटलला? मला बरं वाटत नाहीये.”

“हिरवं दिसतंय ना? मग? उगाच डोक्यात काही घेऊ नकोस!” मी हातातला कप सिंकमध्ये आपटला. त्याचे तुकडे ओट्यावर उडाले. तिनं पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, तिथली सुट्टी. दुपारी जेवण होतंय तोवर तिला हुडहुडी भरली. अशी थंडी मी कधी पाहिली नव्हती. पलंग भिंतीवर धडधडत होता. दातांखाली जीभ सापडली आणि उशीवर रक्त पडलं. मी दोन्ही हातांनी तिचे खांदे दाबून धरले, तरी ती माझ्या हाताखाली उसळत होती. ओठ निळे पडले होते. तिला तशीच उचलली. मुलगी फोन घेऊन अनवाणी मागे धावली.

रस्ते तेव्हा रोज बदलायचे. काल सरळ जाणारा रस्ता आज खणलेला असायचा. बाणांमागून गाडी घालत आम्ही तिसऱ्यांदा त्याच चौकात आलो आणि माझं डोकं फिरलं. समोरच्या प्लॅस्टिकच्या बॅरिकेड्स मी उडवल्या. एक गाडीखाली अडकली, ती तशीच खरवडत नेली. हॉर्न मारणाऱ्याला काच खाली करून आईबहिणीवरून शिव्या दिल्या, मराठीत. मागे बायकोचं डोकं मुलीच्या मांडीवरून घसरत होतं.

इमर्जन्सीत तिला आत नेलं. तिचं ब्लडप्रेशर लागतच नव्हतं. डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, “बुखार कब से है?”

मी मुलीच्या हातातला फोन हिसकावून त्यांच्या तोंडासमोर धरला. “बुखार नहीं था. देखिए, सब ग्रीन है!”

त्यांनी स्क्रीनकडे बघितलंही नाही. “वो खुद क्या बोल रही थी?” एवढं विचारलं आणि आत धावले.

मी मुलीकडे वळलो. “काय भरलंस तू?”

“शी सेड कणकण. आय पुट टायर्ड. बाबा, पण—”

मी मारली तिला. पहिल्या थपडेला तिचं डोकं भिंतीवर आपटलं. दुसरी कानावर बसली. “मारलंस तू आईला!” मी ओरडत होतो, आणि ती दोन्ही हातांच्या आडून काहीतरी बोलत होती. तिसऱ्या थपडेला एक मल्याळी नर्स मध्ये घुसली. तिनं माझं मनगट पिरगाळलं. “एक और मारा तो पुलिस बुलाऊँगी.” मग मी फोन फरशीवर आपटला आणि बुटानं चेचला.

डॉक्टर परत आले. “कोई गोली दी थी? पैरासिटामॉल?”

मुलीनं माझ्याकडे बघितलं.

“दी थी,” मी म्हणालो. “दिन में तीन. चार दिन से.”

त्यांनी ते लिहून घेतलं. मग शांतपणे सांगितलं की, केमोनं पांढऱ्या पेशी खाली गेल्या होत्या, इन्फेक्शन रक्तात पसरत होतं आणि गोळी ताप दाबून ठेवत होती. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

पाच दिवस ती आयसीयूत होती. वाचली. सहाव्या दिवशी आम्हाला भेटू दिलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा काय विचारलं, तर पोरीच्या गालाला काय झालं. “बसमध्ये लागलं,” मुलगी म्हणाली. चक्क मराठीत. मी पायांकडे बघत राहिलो. नीच माणूस.

घरी जाताना गाडीत मी मुलीला कसंबसं म्हणालो, “तुझी चूक नव्हती. गोळ्या मी देत होतो.”

“आय नो. आय सॉ यू. मला ते अ‍ॅपमध्ये टाकायचं होतं, पण देअर वॉज नो बॉक्स.”

“मग हॉस्पिटलमध्ये सांगितलं का नाहीस?”



“सांगत होते, बाबा. यू वेअर हिटिंग मी.”